मायाप्पाअण्णांचं ‘झ्याक’

मायाप्पा कोळेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका विक्रेत्याचा, दगडात चालवून पाहिलेला क्राउन बाभळीच्या काट्यात भिरकावत होते. विक्रेता बिचारा इस्त्रीच्या शर्टात, बूट चिखलात रुतलेले. अण्णांनी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत म्हणाले, “ही अंगठी घरी कारभारणीच्या बोटात घाल गड्या. दगडाला नगं. आमच्या दगडाचं लगीन झालंय.” मशीनवरची माणसं हसली. विक्रेता काट्यात शिरून आपला माल शोधू लागला. माझ्याही पिशवीत एक क्राउन होता. ती पिशवी मी हळूच पाठीमागे घेतली.

क्राउन म्हणजे राजाच्या डोक्यावरचा नव्हे. धरण, पूल किंवा बोगदा बांधण्याआधी जमिनीखाली काय आहे ते पाहायचं असतं, म्हणून एक पोकळ नळी फिरवत फिरवत दगडात उतरवतात. तिच्या टोकाला बांगडीएवढं एक कडं असतं, तो क्राउन. त्याच्या धातूत हिऱ्याचे रव्यासारखे कण पेरलेले असतात. कडं फिरतं, हिरे दगड कातरतात, आणि मधला दगड अखंड कांडी होऊन नळीतून वर येतो. ही कडी मी सांगलीजवळच्या कुपवाडला बनवते. धातूची पूड, हिऱ्याचे कण, ग्रॅफाइटचा साचा, वरून दाब आणि खालून आच. आमचं शेड बाहेरून पाहिलं तर आत हिऱ्याचं काम चालतं असं कुणी म्हणणार नाही. एका अंगाला पत्र्याच्या कोठ्या बनतात, दुसऱ्या अंगाला फरसाण पुड्यांत भरतात. माझं माहेर वाळव्याकडचं, ऊसवाल्यांचं. मी हिऱ्यांच्या धंद्यात पडले हे ऐकून माझ्या एका मावशीनं, आम्हाला कुड्या कधी करतेस, म्हणून विचारलं होतं.

बाजारात मिळणारे क्राउन लांबून येतात आणि कुठल्याही दगडासाठी म्हणून बनवलेले असतात. आपल्या सातारा-सांगलीकडचा काळा दगड वेगळा. तो घट्ट, एकजीव, आणि वर कधी मुरूम तर कधी मधेच लाल मातीचा थर. या दगडासाठी म्हणून एक क्राउन आपण बनवावा, असं माझ्या मनानं घेतलं होतं. इंजिनिअरिंग शिकले होते, धातूचं काम कळत होतं. कळत नव्हता तो एकच भाग. बनवलेला क्राउन दगडात जाऊन काय करतो, हे कुपवाडच्या शेडमध्ये बसून दिसत नाही. ते ड्रिल चालवणाऱ्यानं सांगायचं असतं, आणि बहुतेक ड्रिलर समोरच्याला जे आवडेल ते सांगून मोकळे होतात. ज्याला विचारावं तो म्हणायचा, “खरं ऐकायचं असलं तर मायाप्पाकडं जावा. पर मन घट्ट करून जावा.”

म्हणून मी त्या दिवशी आटपाडीकडच्या एका माळावर पिशवी लपवून उभी होते. विक्रेता निघून गेल्यावर अण्णा माझ्याकडे वळले. “तुमचं काय, ताई?” मी क्राउन पुढे केला. त्यांनी तो हातात फिरवला, अंगठ्याने कड घासली, नाकाजवळ नेऊन हुंगलासुद्धा. “कुनाचा?” “माझाच. मीच बनवलाय.” “बाईमानसानं?” “हो.” मग टॉवेलनं तो क्राउन दोन्ही बाजूंनी पुसून त्यांनी जवळच्या पेटीवर ठेवला. “ऱ्हाऊ द्या हितं. चालवून सांगतो.” बाभळीकडे नजर टाकत मी परत आले तेव्हा मला फार मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

माणूस पाहण्यासारखा होता. उंच, वाळलेला, कपाळावर बिरोबाचा भंडारा, पायात जाड करकरणाऱ्या वहाणा. घरचं मेंढरांचं. वडील घाटमाथ्यापर्यंत कळप घेऊन हिंडलेले. एका उन्हाळ्यात त्यांच्या चराऊ माळावर धरणाच्या पाहणीचा तळ पडला, आणि मायाप्पा मेंढरांमागे न जाता त्या तळामागे गेले ते कायमचेच. “भाव मेंढरं वर चारतोय, मी खाली चारतोय,” असं ते म्हणायचे. नवीन भोकाला सुरुवात करताना ते मशीनवर चिमूटभर भंडारा उधळायचे आणि मग इंजिनाला आईबहिणीवरून अशी एक शिवी हासडायचे की ते घाबरूनच सुरू व्हावं.

दगडांना त्यांनी नावं ठेवली होती. लाल मातीचा थर म्हणजे ‘तांबडी’. ती ओली झाली की फुगते आणि नळी धरून ठेवते, म्हणून तिच्याशी बोलताना ते आवाज खाली आणायचे. घट्ट काळा दगड म्हणजे ‘म्हातारा’. “आला बघा म्हातारा. आता बोलनं बंद,” म्हणत ते मशीनचा दांडा स्वतःच्या हातात घ्यायचे. मला त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे, “मशीनकडं बघू नगा, पान्याकडं बघा.” नळीतून आत सोडलेलं पाणी भोकाच्या तोंडातून परत वर येतं. ते राखाडी, गढूळ आलं की खाली कापलं जातंय. स्वच्छ आलं की खाली नुसतं फिरणं चाललंय. वर आलेल्या दगडाच्या कांड्या लाकडी पेटीत ओळीनं मांडताना ते प्रत्येक कांडी टॉवेलनं पुसायचे. कंपनीचे भूगर्भवाले येऊन त्यातली एखादी कांडी उलटी ठेवून गेले की दिवसभर त्यांचं तोंड वाजत राहायचं. पुढच्या वेळी त्या साहेबाला ते तोंडावर विचारायचे, “सायब, तुमी पोराला पाळन्यात उलटं ठेवता का?”

असा माणूस. कुणाची भीड नाही, मुरवत नाही. म्हणून पहिल्या क्राउनबद्दल त्यांनी सांगितलं ते मी डोळे मिटून खरं मानलं. “झ्याक हाय, ताई. मुरमात जरा झिजतोय, बाकी झ्याक.” ‘झ्याक’ हा शब्द त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणी ऐकला नव्हता. मी कुपवाडला आले आणि शेडमधल्या सगळ्यांना पेढे दिले.

त्याच वर्षी दिवाळीत ते अचानक आमच्या शेडच्या दारात उभे राहिले, काखेत नवं घोंगडं. माझा भाऊ फौजेत आहे, दिवाळीला कधी घरी नसतो, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं. “त्यो भाव तिकडं हाय म्हनं. मग हितला भाव चालंल का?” म्हणाले. मला रडूच आलं. शेडमध्येच पाट मांडला, ग्रॅफाइटच्या काळ्या हातांनी त्यांना ओवाळलं. घोंगडं अजून माझ्याकडे आहे, आणि उबदार आहे, हे कबूल करायला पाहिजे. त्या दिवशी मी फार सुखात होते. आज वाटतं, माझे क्राउन तपासायचं त्यांनी त्याच दिवशी बंद केलं.

पुढचं सगळं मी फार मन लावून केलं. मुरमात झिजतो म्हणाले म्हणून दुसऱ्या क्राउनचा धातू मी थोडा कडक केला. तो परत आला तेव्हा फारसा झिजलेला नव्हता. “झ्याक,” अण्णा म्हणाले. तिसरा आणखी कडक केला. तो तर जवळजवळ नव्यासारखा परत आला. “लय झ्याक. म्हाताऱ्याला लोन्यागत कापतोय.” या तिसऱ्याचा कापणारा भाग मला जरा चकचकीत वाटला. मी त्यांना सरळ विचारलं, “अण्णा, ही चकाकी कसली?” ते म्हणाले, “पानी चांगलं व्हतं त्या भोकाचं. घासून लख्ख झालाय.” मी मान डोलावली. ज्या माणसानं दगडाच्या कांड्यांवरून साहेबांना झाडलं, तो पाण्याबद्दल कशाला खोटं बोलेल?

इथं हिऱ्याच्या कड्याची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दगड जितका घट्ट, तितका कड्याचा धातू मऊ लागतो. वरचे हिरे दगडावर घासून बोथट होतात. ते गळून पडावेत आणि धातू झिजून आतले नवे, धारदार हिरे उघडे व्हावेत, यासाठी. धातू फार कडक असला की बोथट हिरे तसेच अडकून बसतात, कड्याचं तोंड आरशासारखं गुळगुळीत होतं, आणि कडं दगडावर नुसतं फिरत राहतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकातला दगड कुठला कोण जाणे, आणि इथं माझा स्वतःचा माणूस म्हाताऱ्याजवळ उभा राहून झ्याक म्हणत होता. त्याच्या शब्दावर मी एकेक पाऊल उलट्या दिशेला टाकत गेले.

मग ते काम आलं. साताऱ्याच्या बाजूला एका घाटाखालून बोगदा न्यायचा विचार चालला होता आणि त्याच्या पाहणीसाठी एक मोठी कंपनी ड्रिलिंग करणार होती. त्यांचे अधिकारी म्हणाले, तुमचा क्राउन आमच्यासमोर चालवून दाखवा, पटला तर सगळं काम तुमच्याच क्राउनवर करू. आमचं शेड त्या दिवसांत जेमतेम तग धरून होतं. हे काम मिळालं तर ते उभं राहणार होतं, नाही तर काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं. मी आनंदानं अण्णांना फोन केला, मशीन तुम्हीच चालवा म्हणाले. ते म्हणाले, “इतकी घाई कशाला, ताई?” मी हसून सोडून दिलं. ट्रायलच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला, बिरोबाची जत्रा आहे, जमत नाही.

मशीन मग कंपनीच्याच ड्रिलरनं चालवलं. रमजानभाई नावाचा कराडजवळच्या मलकापूरचा माणूस, शांत, पान खाणारा. वरचा मुरूम आणि मऊ दगड माझ्या क्राउननं झपाट्यानं पार केला. अधिकारी एकमेकांकडे पाहून मान हलवत होते. मग काळा दगड लागला. इंजिनाचा आवाज बदलला. मी सवयीनं पाण्याकडे पाहिलं. राखाडी पाणी फिकट होत गेलं आणि थोड्या वेळानं आमच्या विहिरीतून काढल्यासारखं स्वच्छ येऊ लागलं. खाली नुसतं फिरणं चाललं होतं. रमजानभाईंनी दाब वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. शेवटी नळी वर घेतली. क्राउनचं तोंड लखलखत होतं. त्यात मला माझ्या मागचं आकाश दिसलं.

अधिकारी सभ्य होते, सभ्यपणे निघून गेले. रमजानभाईंनी क्राउन माझ्या हातात देताना विचारलं, “ताई, ह्यो कुनी दगडात चालवून बघितलाच न्हाई का?” मी म्हणाले, “बघितलाय. मायाप्पा कोळेकरांनी, एकदा नाही, दर वेळी.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. सांगावं की नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. मग हळूच म्हणाले, “मागल्या हंगामात आमची मशीनं शेजारी शेजारी व्हती. मऊ दगूड असला की त्यो तुमचा क्राउन लावायचा. काळा आला की उतरवून आपला जुना चढवायचा. कांडी मोडली तर त्याचं भोक नापास व्हनार, मग त्यो तरी काय करंल? आमी इचारलं, तर म्हनला, बहिनीचा हाय. आमी हसलो, ताई. आमास्नी वाटलं तुमाला म्हाईत असंल.”

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माळावरच्या प्रत्येक मशीनवर माझा क्राउन हा गमतीचा विषय होता, आणि मी इकडे पेढे वाटत होते. काम गेल्याचं दुःख होतंच. पण गाडीत बसल्या बसल्या मला पुन्हा पुन्हा ते चांगल्या पाण्याचं उत्तर आठवत होतं. मी तोंडावर विचारलं होतं. त्यांनी माझ्या डोळ्यात बघून सांगितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. जतच्या वाटेवर एका पुलाच्या पायासाठी त्यांचं मशीन उभं होतं. मला पाहताच त्यांनी इंजिन बंद केलं. जत्रेचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही.

“अण्णा, माझा क्राउन काळ्या दगडात कधी चालवलात?”

“पैला चालवला व्हता. चकाकला. थांबला.”

“आणि दुसरा? तिसरा?”

“त्ये न्हाई चालवलं. तिसरा तर मऊ दगडातच चकाकाया लागला व्हता.”

“मग झ्याक कशाला म्हणालात?”

त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला. “तुमी लय हौसेनं आनला व्हता, ताई.”

“विक्रेत्यांचे काट्यात फेकता.”

“त्ये परकं. त्यास्नी दुसरं दार हाय. ओवाळून घेतल्याली बहीन दारात येती, तिच्या तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? आमच्यात तसं म्हनत न्हाईत.”

“ट्रायलचं सांगितलं तेव्हा तरी बोलायचं.”

“तवा निघालो व्हतो सांगाया. मिरजंपतूर आलो. परत फिरलो.” त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

मिरजेपासून कुपवाड हाकेच्या अंतरावर आहे, हे सांगलीकडच्यांना सांगायला नको. मला वाटतं तिथं माझा राग खऱ्या अर्थानं पेटला. मी म्हणाले, “अण्णा, भाऊबीजेला मी तुमची बहीण होते. बाकीच्या दिवशी मी माझं काम घेऊन तुमच्याकडे येत होते. त्या विक्रेत्याला तुम्ही हाकललंत, पण त्याच्या क्राउनला दगड दाखवलात. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्याला तेवढंही दिलं नाहीत.”

अण्णा अगदी प्रामाणिकपणे, कदाचित माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच प्रामाणिकपणे, म्हणाले, “त्यो फरक आमाला करता येत न्हाई, ताई.” मी वळून निघाले. मागून ते म्हणाले, “च्या तरी घेऊन जावा.” मी थांबले नाही.

त्यानंतर मी त्यांना भेटलेले नाही. फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. पुढच्या दिवाळीत मी आईला घेऊन भावाकडे गेले, त्याच्या पोस्टिंगच्या गावी. परत आल्यावर शेजारच्या कोठीवाल्यांनी सांगितलं, एक म्हातारे गृहस्थ येऊन दाराशी बसले होते, ऊन कलल्यावर उठून गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वाईट माणसानं फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन विसरले असते. मायेनं फसवणाऱ्याला शिव्यासुद्धा धड देता येत नाहीत, त्या घशात अडकून राहतात.

अर्धं शेड फरसाणवाल्याला द्यावं लागलं. आजही माझ्या धातूच्या पुडीला हिंगाचा वास येतो. उरलेल्या अर्ध्यात मी पहिल्यापासून सुरुवात केली. धातू मऊ केला. हिरे त्यातून वेळेआधी गळू नयेत म्हणून दुसऱ्या धातूचा पातळ थर दिलेले हिऱ्याचे कण आणले, म्हणजे ते घट्ट धरले जातात. बाजारात माझं नाव खराब झालेलं होतं, म्हणून क्राउनवर नाव घातलंच नाही. मिरजेचे एक दुकानदार आहेत, मुल्लाभाई, ड्रिलिंगचं सामान विकतात. त्यांना म्हणाले, कुणाचा विचारलं तर सांगू नका, नुसता विका. ते विकू लागले. कुठून काही तक्रार नाही, कौतुकही नाही. मला पुन्हा तोच प्रश्न, दगडात जाऊन तो काय करतोय?

गेल्या हिवाळ्यात मुल्लाभाईंचा फोन आला. आधी हसले, मग म्हणाले, “ताई, एका ड्रिलरनं तुमचा क्राउन माझ्या काउंटरवर आपटलाय. शिव्या अशा दिल्या की दुकानातलं गिऱ्हाईक उठून गेलं.”

“काय म्हणाला?”

“म्हनला, काळ्यात चालतो, पानी गढूळ येतंय. पर बाहेरच्या कडंनं लय झिजतोय. भोक खाली खाली अरुंद व्हतंय, त्यात नवा क्राउन उतरत न्हाई, अडकतोय. म्हनला, बनवनाऱ्याला जाऊन सांग, पोट भरलंय पर कमरंला पट्टा न्हाई.”

मी नाव विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलं, “जतकडचा मायाप्पा हाय कोनतरी. लय तोंडाळ.”

मी तो क्राउन मागवून घेतला. तक्रार शब्दशः खरी होती. मी बाहेरच्या कडेला कठीण धातूचे बारीक तुकडे बसवले, म्हणजे आतून मऊ आणि कडेला टणक. मुल्लाभाईंकडे पाठवला. तो परत काउंटरवर आपटला गेला, तोंडावरच्या पाणी वाहायच्या खाचा अरुंद आहेत म्हणून. तेही खरं होतं. मी खाचा रुंद केल्या. तिसऱ्या खेपेला तो परत आला नाही. त्याच क्राउनवर आता माझं शेड चालतंय, आणि फरसाणवाल्याला मी जागा सोडायला सांगितली आहे.

परवा मुल्लाभाई म्हणाले, “त्यो मायाप्पा आला व्हता. आनखी क्राउन घेऊन गेला. इचारत व्हता, कोन बनवतंय ह्ये, गडी कामाचा दिसतोय, सांगितलेलं ऐकतोय. आता तरी तुमचं नाव सांगू का, ताई? खूश व्हईल त्यो.”

“नको,” मी म्हणाले. “नाव कळलं की पुढचा क्राउन झ्याक असेल.”